महाडीबीटी आणि शैक्षणिक कर्ज: आधी कुठला अर्ज, किती रकमेचा, आणि अर्ज परत का येतो?

शेवंती (प्रश्न)

नमस्कार. घरात दोन मुले शिकत आहेत. मुलीला यंदा कॅप फेरीतून (शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) खासगी विनाअनुदानित महाविद्यालयात प्रथम वर्ष अभियांत्रिकीला ईडब्ल्यूएसच्या (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या) जागेवर प्रवेश मिळाला आहे. मुलगा बी. फार्मच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो खुल्या प्रवर्गातला आणि त्याचाही प्रवेश कॅपमधूनच. साडेतीन एकर कोरडवाहू शेती आहे. तहसीलदारांच्या दाखल्यावर कुटुंबाचे उत्पन्न ३ लाख ९० हजार. मुलीच्या शुल्कपत्रकात शिक्षण शुल्क ९० हजार आणि विकास शुल्क ९ हजार असे लिहिले आहे. वसतिगृह, मेस ८० हजार आणि पुस्तके, प्रवास वगैरे धरून वर्षाला १ लाख ९० हजारांच्या आसपास जातात.

अडचणी अशा आहेत.

१. महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, मुलीचा अर्ज दोनदा परत आला. शेरा एवढाच की कागदपत्र योग्य नाही. कुठले कागदपत्र, ते लिहिलेले नाही.

२. मुलाचा गेल्या वर्षीचा हप्ता लॉगिनमध्ये वितरित झालेला दिसतो, पण पासबुकात नाही. शाखेत विचारले तर खात्याला आधार जोडलेले आहे म्हणतात.

३. मुलीसाठी चारही वर्षांचे मिळून ७ लाख ६० हजारांचे शैक्षणिक कर्ज मागितले, तर शाखेत जमीन तारण द्या म्हणतात. शिष्यवृत्ती मिळणार असेल तर कर्ज मागावे का? मागितले तर किती?

४. केंद्राच्या पोर्टलवरही अर्ज करून ठेवा असे काही जण सांगतात. दोन्हीकडे केला तर चालेल का?

---

टिपणवही

ताई, पहिल्या आणि चौथ्या प्रश्नाचे मी सांगतो. कर्जाचे जाणकार इथे आहेत, ते लिहितीलच.

आधी हक्क किती, ते पाहू. दोन्ही मुलांना लागू होणारी योजना एकच आहे: राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. कॅपमधून प्रवेश हवा, आणि एका कुटुंबातल्या दोनच मुलांना लाभ मिळतो. या सगळ्यात तुम्ही बसता. मुलाला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काच्या ५० टक्के मिळतील. मुलीला हेच १०० टक्के मिळतील, कारण ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांत २०२४-२५ पासून पूर्ण प्रतिपूर्ती लागू झाली. मात्र ‘पूर्ण’ हा शब्द नीट वाचा. शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क एवढेच त्यात येते. तुमच्या पत्रकातले ९ हजारांचे विकास शुल्क, अनामत, वसतिगृह, मेस, बस हे घरूनच भरायचे आहे. मुलींकडून शिक्षण शुल्क प्रवेशाच्या वेळी आगाऊ घेऊ नये अशा सूचना महाविद्यालयांना दिलेल्या आहेत. कुणी मागितलेच, तर शासन निर्णयाची प्रत जोडून प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. काउंटरवर तोंडी वाद घालून हाती काही लागत नाही.

आता परत आलेला अर्ज. शेरा मोघम असला, तरी कारणे बहुतेक ठरलेली असतात. ज्या क्रमाने ती सापडतात त्याच क्रमाने तपासा.

पहिले कारण म्हणजे उत्पन्नाचा दाखला. ईडब्ल्यूएस प्रमाणपत्रावर उत्पन्नाचा उल्लेख असतो म्हणून बरेच जण तेच उत्पन्नाच्या रकान्यात चढवतात. ते चालत नाही. हे दोन वेगळे कागद आहेत, आणि योजनेला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला स्वतंत्र लागतो. त्या दाखल्यावर कुठल्या आर्थिक वर्षाचे उत्पन्न लिहिले आहे आणि दाखला कधीपर्यंत वैध आहे, ते पाहा. तीन वर्षांचा दाखला असेल तर तिन्ही वर्षांचे आकडे त्यात असतात. अर्जात भरायचा तो लागू वर्षाचा आकडा, तिन्हींची बेरीज किंवा सरासरी नव्हे. दाखल्यावरचा बारकोडखालचा लांबलचक क्रमांक पोर्टलवर टाकावा लागतो. त्यात एक शून्य कमी पडले तरी दाखला जुळत नाही. फोटोत बारकोडचा भाग घडीवर आला असेल किंवा कडेला कापला गेला असेल, तर तपासणारा लिपिक क्रमांक पडताळूच शकत नाही, आणि शेरा पडतो: कागदपत्र योग्य नाही.

दुसरे, फाइलचा आकार. पोर्टलवर एका कागदाला २५६ केबीची मर्यादा आहे. मोबाइलचा फोटो तीन-चार एमबीचा असतो. तो मर्यादेत बसवायला कुठल्याही अॅपमधून दाबला की अक्षरे फुटतात. मर्यादेत बसले म्हणजे काम झाले असे नाही, ते वाचताही आले पाहिजे. कागद सपाट काचेवर ठेवून कृष्णधवल किंवा राखाडी रंगात, १५० डीपीआयच्या आसपास स्कॅन करा. एक पानी दाखला सहज मर्यादेत बसतो आणि अक्षरही शाबूत राहते. चढवल्यावर तिथूनच ती फाइल परत उघडा आणि बारकोडखालचे आकडे डोळ्यांनी वाचता येतात का ते बघा. तुम्हाला वाचता आले नाहीत, तर लिपिकालाही येणार नाहीत.

तिसरे कारण सगळ्यात जास्त नडते, आणि गंमत अशी की त्याचा कागदाशी संबंधच नसतो. प्रोफाइलमध्ये सध्याच्या अभ्यासक्रमाच्या पानावर प्रवेशाचा प्रकार निवडावा लागतो. तिथे कॅपऐवजी संस्था स्तर (महाविद्यालयाने स्वतः दिलेला प्रवेश) निवडले गेले, की योजनेची अटच मोडते. सीईटी सेलच्या (राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाच्या) वाटपपत्रावरचा अर्ज क्रमांक जसाच्या तसा टाका. गुणपत्रिकेवरचा आसन क्रमांक किंवा महाविद्यालयाने दिलेला नोंदणी क्रमांक तिथे चालत नाही. वाटपपत्र जोडताना शेवटच्या फेरीचे जोडा. बेटरमेंट घेतली असेल, म्हणजे पुढच्या फेरीत आणखी चांगली जागा घेतली असेल, तर आधीच्या फेरीचे पत्र आणि आताचे महाविद्यालय जुळत नाही.

चौथे, नाव. महाडीबीटीवर नाव आधारवरून येते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते. तो क्रमातला फरक समजून घेतला जातो. पण आधारवर वडिलांच्या नावाऐवजी नुसते आद्याक्षर असेल किंवा आडनावाचे स्पेलिंग वेगळे असेल, तर आधी आधार दुरुस्त करा आणि मग अर्ज भरा. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, जन्मतारीख एकदाच. म्हणून घाईने केंद्रावर जाऊ नका. दहावीचे प्रमाणपत्र पुढे ठेवून त्यातल्या अक्षराला अक्षर जुळवून घ्या.

आणखी एक. परत आलेला अर्ज दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा असतो. त्यासाठी नवे वापरकर्ता नाव काढून दुसरा अर्ज भरू नका. एका आधारवर दोन प्रोफाइल झाली की पुढच्या वर्षीच्या नूतनीकरणातही गुंता होतो. दुरुस्त अर्ज पाठवल्यावर त्याची प्रत आणि कागदांचा संच महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती कक्षात त्याच दिवशी द्या. ऑनलाइन अर्ज आधी लिपिकाकडे जातो, मग प्राचार्यांकडे आणि त्यानंतर विभागाकडे. पहिल्या टेबलावर महिनाभर पडून राहिलेला अर्ज तुमच्या लॉगिनमध्ये फक्त ‘छाननी सुरू’ एवढाच दिसतो.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात: दोन्हीकडे करू नका. केंद्राच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर बारावीत आपल्या मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये आलेल्यांसाठी योजना आहे. उत्पन्नमर्यादा साडेचार लाख आणि पदवीला पहिली तीन वर्षे वर्षाला १२ हजार. पण राज्याची शिष्यवृत्ती किंवा शुल्क प्रतिपूर्ती घेणाऱ्याला ती मिळत नाही. मुलीचे ९० हजार सोडून १२ हजारांमागे जाण्यात अर्थ नाही.

उलट एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. साडेतीन एकर म्हणजे तुम्ही अल्पभूधारक आहात. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी आहे. ती त्याच पोर्टलवर आहे आणि शुल्काच्या योजनेबरोबर घेता येते. तहसीलदारांचा अल्पभूधारक असल्याचा दाखला लागतो, नुसता सातबारा पुरत नाही. शिवाय वसतिगृहात राहत असल्याचा पुरावा जोडावा लागतो. खोली घेऊन राहत असाल तर भाडेकरार. मूल शासकीय वसतिगृहात असेल तर मात्र हा भत्ता मिळत नाही. अर्ज करताना प्रोफाइलमधला वसतिगृहाचा भाग रिकामा ठेवला, की ही योजना पात्र योजनांच्या यादीत दिसतच नाही, आणि लोकांना वाटते की आपण बसत नाही.

---

जमाखर्च

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. शाखेत जे सांगतात ते खोटे नाही, पण तुमच्या कामाचे नाही.

खात्याला आधार ‘जोडलेले’ असणे आणि आधार ‘सीड’ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केवायसीसाठी आधारची प्रत दिली, की बँकेच्या स्वतःच्या नोंदीत तो क्रमांक खात्याशी जोडला जातो. पण सरकारी पैसे खाते क्रमांकावर येत नाहीत, आधार क्रमांकावर येतात. कुठल्या आधारचे पैसे कुठल्या बँकेत टाकायचे, याची एक नोंदवही राष्ट्रीय देयक महामंडळ म्हणजे एनपीसीआयकडे असते. तिला मॅपर म्हणतात. एका आधारपुढे त्या वहीत एका वेळी एकाच बँकेचे नाव असते. नंतर कुठल्या दुसऱ्या बँकेत खाते उघडताना ‘सरकारी अनुदान या खात्यात घेण्यास संमती’ अशा चौकटीत खूण झाली, की जुन्या बँकेचे नाव जाऊन नव्या बँकेचे येते. मोबाइलवर पाच मिनिटांत उघडलेल्या खात्यात ही खूण झाल्याचे लक्षातही येत नाही.

तपासायचे असे. मायआधारच्या संकेतस्थळावर मुलाच्या आधार क्रमांकाने आणि ओटीपीने लॉगिन करा, आणि बँक सीडिंग स्थितीचे पान उघडा. तिथे बँकेचे नाव, स्थिती सक्रिय की निष्क्रिय, आणि शेवटच्या बदलाची तारीख दिसते. खाते क्रमांक दिसत नाही. म्हणून त्याच बँकेत दोन खाती असतील, तर नेमके कुठले सीड आहे ते शाखेतच विचारावे लागते. हे पान छापून ठेवा.

बँक तीच आणि स्थिती सक्रिय असेल, तरीही पैसे परत जाऊ शकतात. त्याची कारणे खात्यात असतात. दोन वर्षे त्यात एकही व्यवहार नसेल, तर खाते निष्क्रिय होते. शाळेत असताना अल्पवयीन म्हणून काढलेले खाते १८ वर्षे पूर्ण झाल्यावर नवी सही आणि नवे केवायसी दिल्याशिवाय नीट चालत नाही. अर्धवट कागदांवर उघडलेले ‘लहान खाते’ असेल, तर त्यात कुठल्याही वेळी ५० हजारांपेक्षा जास्त शिल्लक आणि वर्षभरात १ लाखापेक्षा जास्त जमा चालत नाही. बी. फार्मचा हप्ता आणि निर्वाह भत्ता एकदम आला, तर ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. शाखेत जाल तेव्हा ‘आधार लिंक आहे का’ असे विचारू नका. नेमके तीन प्रश्न विचारा: एनपीसीआय मॅपरवर हे खाते सक्रिय आहे का, खात्यावर जमा रकमेची मर्यादा आहे का, केवायसी पूर्ण आहे का. तिन्हींची उत्तरे मिळाल्याशिवाय उठू नका.

आणखी एक जागा बघा. महाडीबीटीच्या लॉगिनमध्ये काही योजनांत हप्ता मंजूर झाल्यावर व्हाउचर दिसते आणि त्यापुढे ‘रिडीम’चे बटण असते. ते दाबल्याशिवाय रक्कम निघत नाही. शिवाय योजनेप्रमाणे काही रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात आणि काही संस्थेच्या खात्यात जाते. म्हणून तो हप्ता नेमका कुणाच्या नावे निघाला आहे, ते आधी त्या पानावर वाचा आणि मगच बँकेत जा.

---

चक्रवाढ

कर्जाचे. तुम्ही ७ लाख ६० हजार मागितले आणि शाखेने जमीन मागितली. या दोन गोष्टींचा थेट संबंध आहे.

भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत तीन टप्पे आहेत. ४ लाखांपर्यंत तारण नाही आणि जामीनदार नाही. फक्त आई किंवा वडील सहकर्जदार. ४ लाखांवर साडेसात लाखांपर्यंत त्रयस्थ व्यक्तीचा जामीन. साडेसात लाखांच्या वर मालमत्तेचे तारण. तुम्ही दहा हजारांनी त्या रेषेच्या पलीकडे गेलात. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण घेऊ नये, हे रिझर्व्ह बँकेने बँकांवर बंधनकारक केले आहे.

आता तुमच्या १ लाख ९० हजारांमधून ९० हजार शिक्षण शुल्क काढा. ते शासन भरणार आहे. उरले वर्षाला १ लाख, म्हणजे चार वर्षांचे ४ लाख. नेमके तारणाच्या आणि जामिनाच्या रेषेच्या आत. शिवाय ४ लाखांपर्यंत स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही. कर्ज त्याहून जास्त असेल तर देशातल्या शिक्षणासाठी ५ टक्के भरावा लागतो. म्हणून माझा सरळ सल्ला: आधी महाडीबीटीचा अर्ज पक्का करा, त्याची प्रत कर्जाच्या फाइलला लावा आणि ४ लाखच मागा.

व्याजाचा हिशेब बघा. शिक्षणाची वर्षे आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज धावत असते. या काळात ते सरळव्याज असते. समजा दर १० टक्के आणि दरवर्षी १ लाख उचलले. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे ५० हजार, दुसऱ्यावर ४० हजार, तिसऱ्यावर ३० हजार, चौथ्यावर २० हजार. हप्ते सुरू होताना ४ लाखांवर १ लाख ४० हजार चढलेले असतात. हे व्याज त्या त्या महिन्यात भरत गेलात तर मुद्दल फुगत नाही.

आणि तुमच्या बाबतीत हे सगळे १ लाख ४० हजार केंद्र सरकार भरू शकते. व्याज अनुदानाची केंद्रीय योजना आहे. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवे, तुमचे आहे. अभ्यासक्रम व्यावसायिक किंवा तांत्रिक हवा, तोही आहे. १० लाखांपर्यंतच्या कर्जावरचे या काळातले पूर्ण व्याज मिळते. अट एवढीच, की संस्थेला नॅकचे (उच्च शिक्षण संस्थांची गुणवत्ता तपासणाऱ्या परिषदेचे) मूल्यांकन किंवा त्या शाखेला एनबीएची (तांत्रिक अभ्यासक्रम तपासणाऱ्या मंडळाची) मान्यता हवी. महाविद्यालयाला नॅक नसेल तर मुलीच्या नेमक्या शाखेला एनबीए आहे का ते विचारा. संगणक शाखेला असते आणि शेजारच्या शाखेला नसते, असे सर्रास आहे. हा लाभ आपोआप लागत नाही. मंजुरीच्या वेळीच तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला शाखेत द्या आणि या योजनेत नोंद करण्याची लेखी विनंती करा. शाखेचा दावा या योजनेसाठी नेमलेल्या नोडल बँकेकडे म्हणजे कॅनरा बँकेकडे जातो. आयुष्यात एकदाच मिळतो, पदवीला किंवा पदव्युत्तरला. शिक्षण मध्येच सोडले तर जातो.

पीएम विद्यालक्ष्मीबद्दल लोक विचारतात म्हणून लिहितो. ६ नोव्हेंबर २०२४ ला मंत्रिमंडळाने ती मंजूर केली. तारण आणि जामीन नसलेले कर्ज, साडेसात लाखांपर्यंत ७५ टक्के पतहमी (कर्ज बुडाले तर बँकेला सरकारची भरपाई), आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत. पण ती निवडक संस्थांसाठी आहे. सुरुवातीच्या यादीत ८६० संस्था होत्या आणि बहुतेक खासगी महाविद्यालये त्यात नाहीत. शिवाय ती ३ टक्क्यांची सवलत दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीचा किंवा व्याज योजनेचा लाभ मिळू शकणाऱ्यांसाठी नाही. तुमच्याकडे शाहू महाराज योजना आहे, तेव्हा त्या ३ टक्क्यांवर हिशेब बांधू नका.

---

पानपाटी

चक्रवाढ यांचा हिशेब बरोबर आहे, पण ‘४ लाखच मागा’ याला माझी हरकत आहे.

चार वर्षांत मेसचा दर तोच राहील, हे कुणी सांगावे? आणि मुलीचे एखादे वर्ष वाया गेले, तर त्याच वर्षाच्या शुल्काची प्रतिपूर्ती पुन्हा मिळत नाही. तेव्हा ९० हजार एकदम उभे करावे लागतील. तिसऱ्या वर्षाला नव्याने कर्ज वाढवून घेणे हे पहिल्या मंजुरीपेक्षा जास्त किचकट असते, कारण सगळी फाइल पुन्हा वर जाते.

म्हणून मंजुरी साडेसात लाखांच्या आत, समजा साडेपाच ते सहा लाखांची घ्या. उचल मात्र दरवर्षी लागेल तेवढीच करा. व्याज उचललेल्या रकमेवर लागते, मंजूर रकमेवर नाही. साडेसात लाखांपर्यंतची शैक्षणिक कर्जे केंद्राच्या पतहमी निधीत नोंदवता येतात, आणि तशी नोंद झाली की बँक तारणही घेत नाही आणि जामीनदारही नाही. शाखेत हे नाव घेऊन विचारा: शैक्षणिक कर्जाचा पतहमी निधी. ४ लाखांच्या वर ५ टक्के स्वतःचा हिस्सा लागतो हे खरे, पण त्यात शिष्यवृत्तीची रक्कम धरता येते, आणि तो हिस्सा एकदम नव्हे, दरवर्षीच्या उचलीच्या प्रमाणात द्यायचा असतो. तुमची शिष्यवृत्तीच त्या हिश्श्यापेक्षा कितीतरी मोठी आहे.

कागदांत एक गोष्ट नेहमी चुकते. बँकेला फक्त पहिल्या वर्षाची पावती देतात. द्यायचे ते चारही वर्षांचे शुल्कपत्रक, महाविद्यालयाच्या लेटरहेडवर, शिक्का आणि सहीसह, आणि त्यात शिक्षण शुल्क, विकास शुल्क, परीक्षा, वसतिगृह, मेस असे रकाने वेगवेगळे. एकच गोळा आकडा असेल, तर शासन काय भरणार आणि बँकेने काय द्यायचे हे अधिकाऱ्याला वेगळे काढता येत नाही. तुमची फाइल अडली असेल तर बहुधा इथेच. वडिलांचे आयकर विवरण नसेल तर सातबारा, आठ अ आणि उत्पन्नाचा दाखला द्या. मुलीचे आणि वडिलांचे दोघांचेही पॅन लागते. पीककर्ज थकलेले असेल, तर आधी ते नियमित करून त्या बँकेचा दाखला घ्या. सहकर्जदाराच्या पत अहवालात ती थकबाकी पहिल्याच पानावर दिसते.

आणि तोंडी नकार मुळीच स्वीकारू नका. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करा; ही फक्त कर्जाचा अर्ज करायची जागा आहे, वरची ३ टक्क्यांची योजना नव्हे. तिथे अर्जाची तारखेसह नोंद राहते. निर्णय साधारण १५ दिवस ते महिन्याभरात व्हायला हवा. नाकारायचे असेल तर ते वरच्या अधिकाऱ्याच्या संमतीने आणि लेखी कारणासह. तुमचे गाव आमच्या सेवाक्षेत्रात नाही, हे कारण रिझर्व्ह बँकेने अमान्य केलेले आहे. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला शुल्क नाही.

---

चक्रवाढ

पानपाटी, उचल कमी आणि मंजुरी जास्त हे मला पटते. मात्र एक अट घाला. शिक्षण शुल्काचा धनादेश बँकेने महाविद्यालयाला परस्पर पाठवू नये, हे मंजुरीपत्रात लिहून घ्या. बऱ्याच शाखा शुल्कपत्रक बघून पूर्ण शुल्क थेट भरून टाकतात. मग शासनाचीही रक्कम येते, महाविद्यालयाकडे जास्तीचे पैसे अडकतात आणि त्यावर मुलीच्या कर्जाचे व्याज चालू राहते. दरवर्षी महाविद्यालयाकडून फक्त देय रकमेचे मागणीपत्र घ्या आणि तेवढ्याचीच उचल करा. तरी कधी दुहेरी भरणा झालाच, तर परतावा रोखीने घेऊ नका. तो थेट कर्ज खात्यात वळवायला सांगा.

---

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीच्या अर्जात ईडब्ल्यूएस प्रमाणपत्रच उत्पन्नाच्या जागी चढवले होते, ते सापडले. मुलाचे मायआधारचे पान उघडले, तर तिथे सक्रिय म्हणून वेगळ्याच बँकेचे नाव आहे. ते खाते त्याने बारावीत मोबाइलवरून उघडले होते. आता सीडिंग आपल्या जुन्या शाखेत बदलून घेऊ का? बदलल्यावर गेल्या वर्षीचे पैसे इकडे येतील का?

---

जमाखर्च

ताई, बदलण्याआधी त्या मोबाइलवरच्या खात्याचे गेल्या वर्षीपासूनचे विवरण उतरवून घ्या. पैसे परत गेले नसून त्याच खात्यात पडून असण्याची शक्यता मोठी आहे. नोंद शोधताना शिष्यवृत्तीचे नाव शोधू नका. तिथे बहुधा एपीबी (आधारवरून पैसे जमा करणारी यंत्रणा) किंवा डीबीटी (थेट लाभ हस्तांतरण) असे लिहिलेले असते, आणि रक्कम लॉगिनमधल्या हप्त्याशी जुळली पाहिजे.

नोंद सापडली तर काम तिथेच संपले. रक्कम जुन्या खात्यात वळवा. नोंद नसेल तर जुन्या शाखेत आधार सीडिंगचा संमती अर्ज भरा, त्याची पोच घ्या, आणि चार-पाच दिवसांनी मायआधारचे पान पुन्हा उघडून बँकेचे नाव आणि तारीख बदलली का ते बघा. बदलल्याचे दिसेपर्यंत मुलाच्या यंदाच्या अर्जाचे कुठलेही व्हाउचर रिडीम करू नका, नाहीतर तेही त्या मोबाइलवरच्या खात्याकडेच जाईल. परत गेलेला हप्ता सीडिंग बदलले म्हणून आपोआप येईल असे धरू नका. अर्ज क्रमांक, हप्त्याच्या पानाची प्रत आणि नवे सीडिंग पान असे तीन कागद महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती कक्षात द्या आणि रक्कम पुन्हा पाठवण्याची लेखी मागणी करा. तीच मागणी पोर्टलच्या तक्रार विभागातही नोंदवा. तिथे मिळणारा तक्रार क्रमांक महाविद्यालयाच्या अर्जावर वरच्या कोपऱ्यात लिहा.